पुराची घंटी आणि बाळाचं दुपटं



बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय. आवाज एकीचाच येईल, पण बाकीच्या मागे बसल्यात, आणि काही राहिलं की मागून चिमटा बसणार आहे. तेव्हा मधेच ‘आई गं’ ऐकू आलं, तर समजून घ्या.

या कार्यक्रमात आपण नेहमी पापड, शिवणकाम, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज आम्ही एका पुस्तकावर बोलणार आहोत. हे पुस्तक दुकानात मिळणार नाही. दोनशे पानी वहीत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, निळ्या आणि काळ्या शाईत लिहिलेलं आहे. एका पानावर चहाचा डागसुद्धा आहे. आमच्याच चाळीतल्या मुलांनी लिहिलेली ही विनोदी कादंबरी आहे. शाळेचा विज्ञान प्रकल्प कसा फसला, त्याची. आणि त्यात हसू कोणाचं झालंय? मुलांचं थोडं, आमचं जास्त.

आधी मुलं पुस्तकापर्यंत आली कशी, ते सांगतो. आमची गटाची बैठक दर आठवड्याला संध्याकाळी असते. मुलं बरोबर येतात आणि गोंधळ घालतात. एकीकडे वर्गणीचे पैसे मोजायचे, दुसरीकडे ‘आई, हा मारतो’ ऐकायचं. दोनदा हिशेब चुकला. मग आमच्यातल्या एकीने वाचनालयातून गोष्टीची पुस्तकं आणली आणि मुलांना सांगितलं, आमचा हिशेब होईपर्यंत एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बदलापुरात पुस्तकांची आवड जुनी आहे. श्याम जोशींनी उभ्या केलेल्या ग्रंथसखा वाचनालयाचं नाव तुमच्यातल्या काहीजणींनी ऐकलं असेल.

तर आधी आला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांनी लिहिलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकल दामटणारा. मग आला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. हा बोक्या पुस्तकात येण्याआधी आकाशवाणीवर आला होता, हे कळल्यावर तर आम्हाला फार बरं वाटलं. म्हणजे आज आपण जिथून बोलतोय, त्याच रेडिओचं हे पोर! हळूहळू असं झालं की हिशेब संपला तरी आम्ही उठेनात. पापडाची पिठं वाळायची आणि आम्ही ‘पुढे काय झालं’ म्हणून बसून.

एक दिवस सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काकू, या पुस्तकांतली मुलं शेवटी जिंकतातच. आमच्यासारखं त्यांचं कधी पार वाटोळं होत नाही का?”

आम्ही हसलो. तिचं वाटोळं व्हायला तेव्हा फक्त पंधरा दिवस उरले होते.

आता थोडं आमच्या गावाबद्दल. नावात पाडा आहे, पण हेंद्रेपाडा आता बदलापूर शहराचाच भाग झालाय. पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. ही नदी सह्याद्रीत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणीवरून आमच्याकडे येते आणि पुढे कल्याणकडे जाते. त्यामुळे आमच्याकडे गंमत अशी की इथे नुसती भुरभुर असते, पण वर घाटात आणि कर्जतला धो धो कोसळला की नदी इथे फुगते. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला, त्या बायका आजही पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या खणात काही ठेवत नाहीत. २७ जुलै २०१९ तर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. गाडी सगळ्यांना दिसली. त्याच पाण्याने आमच्यासारख्यांच्या घरातली पिठाची डबडीही तरंगवली होती.

म्हणून शाळेत जेव्हा सांगितलं की विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या परिसरातला प्रश्न घ्या, तेव्हा आमच्या चाळीतल्या तीन मुलांनी ठरवलं, आपण पुराची सूचना देणारी घंटी करायची. पाणी दारात आलं की घंटी वाजणार आणि झोपलेली माणसं उठणार.

कादंबरीत मुलांनी आपली खरी नावं घातलेली नाहीत. टोपणनावं घेतलीत, तीही प्रकल्पातल्या वस्तूंचीच. सारखी बडबड करणारी मुलगी झाली ‘बझर’. या घरातून त्या घरात निरोप नेणारा मुलगा झाला ‘वायर’. आणि अंगाने जाड, कामाला मंद, पण ज्याच्या वडिलांनी साहित्याला पैसे दिले तो झाला ‘बॅटरी’. बझरची दुसरीतली धाकटी बहीणही यात आहे. तिचं नाव ठेवलंय ‘मीठ’. ते का, ते पुढे कळेल.

पहिलं प्रकरण आहे मापाचं. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात येतं, की बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. आमच्या बॅटरीने ते वाचलं आणि हिशेब केला, की साडेसतरा मीटर म्हणजे पाच मजले पाणी! एवढी मोठी बाटली कुठून आणायची? मग त्याने मीटरचे सेंटीमीटर केले आणि साडेसतरा सेंटीमीटर उंचीची बाटली आणली. हसू नका बायांनो, आमच्यातल्याही कितीजणींना हे माहीत नव्हतं. तो आकडा म्हणजे आपल्या दारातल्या पाण्याची उंची नसते. ती नदीची पातळी ठरावीक खुणेपासून मोजलेली असते. आपण एवढंच लक्षात ठेवायचं: आज आकडा किती, तो वाढतोय की उतरतोय, आणि इशाऱ्याच्या आकड्यापासून किती लांब आहे.

दुसऱ्या प्रकरणात घंटी तयार होते. कृती अगदी सोपी. एक नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक छोटा बझर, आणि दोन वायर. वायरींची टोकं सोलून उघडी करायची आणि बाटलीत एकमेकींपासून बोटभर अंतरावर सोडायची. पाणी चढून दोन्ही टोकांना लागलं की वीज पाण्यातून पलीकडे जाते आणि बझर वाजतो.

मुलांनी पातेल्यात पाणी घेतलं, टोकं बुडवली. काही नाही. वायर म्हणाला बॅटरी खराब, बॅटरी म्हणाला वायर खराब. इथे वाचताना ही वस्तू भांडते की मुलगा, तेच कळत नाही, आणि मुलांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय. भांडण ऐकून बझरच्या आईने सगळ्यांना जेवायला बसवलं. जेवण करून येतात तो काय, तेच पातेलं, त्याच वायर, आणि घंटी टणाटण वाजायला लागली! मुलांनी उड्या मारल्या. का वाजली, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही विचारलं. चालू झालं ना, मग हात लावू नका, असंच म्हणालो आम्ही. मिक्सर दुरुस्त झाला की आपण तसंच म्हणतो.

तिसरं प्रकरण प्रदर्शनाचं. टेबलावर चादर, थर्माकोलची घरं, निळ्या कागदाची नदी. पाहुणे आले. मुलांनी माहिती सांगितली, तीही पाठ. आणि पाण्याच्या जारमधलं स्वच्छ पाणी बाटलीत ओतलं.

शांतता.

आणखी ओतलं. बाटली भरली, चादर भिजली, थर्माकोलची घरं तरंगायला लागली. पूर पुरेपूर आला, घंटी मात्र गप्प. तेव्हा आमच्या बझरने काय करावं? तोंड मिटून, नाकातून ‘टूंऽऽऽ’ असा आवाज काढला. पाहुणे खाली वाकून बाटली बघू लागले. मग त्यांनी मान वर करून हिच्याकडे पाहिलं. हिचा श्वास संपला आणि घंटीही बंद पडली.

हा भाग वाचताना आम्ही पोट धरधरून हसतो. त्या दिवशी मात्र ती पोरगी घरी येऊन पांघरुणात तोंड खुपसून झोपली होती. जेवली नाही.

आता आमची चूक सांगतो. प्रकल्पाच्या वहीत शेवटी ‘निष्कर्ष’ लिहायचा असतो. मुलांनी विचारलं, काय लिहू? आमच्यातलीच एक म्हणाली, “लिही, प्रयोग यशस्वी झाला. गुण कशाला घालवतेस?” दुसरी म्हणाली, “सगळे तेच लिहितात.” तिसरी म्हणाली, “पुढच्या वर्षी स्टेशनजवळच्या दुकानातून तयार प्रकल्प आणू, झंझट नको.” त्या तिघींपैकी एकही आज या खोलीतून उठून गेलेली नाही, हे त्यांचं मोठेपण. मुलीने वहीत लिहिलं, ‘प्रयोग यशस्वी झाला.’ मग खोडलं. मग परत लिहिलं. मग पान फाडलं. कादंबरीत हे एक आख्खं प्रकरण आहे. त्यात मुलं खोडरबर खर्च करतात, आणि आया बाजूला बसून सल्ले देतात. आमचे सल्ले जसेच्या तसे लिहिलेत. ऐकताना आम्हाला मान वर करता येईना.

शेवटी गुपित फोडलं धाकटीने, म्हणजे आपल्या ‘मिठा’ने. दोन दिवसांनी ती सहज बोलून गेली, “तुमच्या आमटीत मी मीठ टाकलं होतं, ते तुम्ही शाळेत नेलंच नाही.” सगळे जेवत होते तेव्हा ही बया भातुकली खेळत होती. प्रयोगाचं पातेलं ही तिची आमटी. तिने त्यात मूठभर मीठ घातलं होतं!

मग मुलांनी दोन पातेल्यांत पुन्हा करून पाहिलं. साध्या पाण्यात जेमतेम कुई, मिठाच्या पाण्यात टणाटण. कारण असं, की अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही. पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. मीठ विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात आणि विजेला वाट मिळते. जारमधल्या पाण्यातले क्षार बरेचसे काढलेले असतात, म्हणून तिथे घंटी गप्प. पुराच्या पाण्यात चिखल, गटार, खत सगळं मिसळलेलं असतं, त्यातून वीज चांगली जाते. हे फक्त घंटीपुरतं नाही, मैत्रिणींनो. घरात पाणी शिरायची चिन्हं दिसली, की पाणी येण्याआधी, कोरड्या हाताने मेन स्विच बंद करायचा. पाणी आत आलं असेल, तर पाण्यात उभं राहून कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.

पुढच्या प्रकरणात मुलं घंटी सुधारतात. उल्हासनगरच्या बाजारातून तीन पायांचा इवलासा ट्रान्झिस्टर आणला. तो काय करतो? नळाची चावी बोटाने हलकी फिरवतो आपण, पण पाणी सुटतं ते टाकीचं. तसंच हे. पाण्यातून येणारी वीज अगदी थोडी असली, तरी ती ट्रान्झिस्टरची चावी फिरवते आणि बॅटरीची वीज जोरात बझरला मिळते. आता साध्या पाण्यातही घंटी ठणठणीत वाजायला लागली. मुलांनी ती खालच्या मजल्यावर, गटाराच्या कडेला, गुडघाभर उंचीवर बांधून टाकली. आम्हाला कौतुक वाटलं. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी होती, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

आणि मग ती रात्र.

पाऊस लागून होता. रात्रीचा दीड वाजून गेलेला. घंटी वाजायला लागली. थांबेचना. खालच्या मजल्यावरून ओरड झाली, “पाणी आलं! उठा, पाणी आलं!”

बायांनो, पाच मिनिटांत आख्खी चाळ जिन्यात. आणि कोणी काय उचललं होतं? एकीने टीव्ही. एकीने गॅसची शेगडी, सिलिंडर खालीच. एका आजींनी तुळशीची कुंडी छातीशी धरलेली. आमच्या खजिनदार बाईंनी गटाची पेटी घेतली ती ठीक, पण चावी उशीखाली. एका भावजींनी तर गाढ झोपेतून उठून भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं होतं, आणि ते बंद होतं. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेची पुस्तकं यांतलं काही कोणाकडे नाही.

वर गच्चीवर जायचं, तर गच्चीच्या दाराला कुलूप. चावी घरमालकांकडे, आणि ते राहतात कल्याणला. आम्ही अंधारात, जिन्यात, एकमेकींच्या अंगावर. लेकरं रडतायत. आणि तेवढ्यात कोणीतरी विचारलं, “खोलीतल्या आजी कुठायत?”

ज्यांना चालता येत नाही त्या आजी खालीच होत्या. अंथरुणात बसून हाका मारत होत्या. त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, म्हणजे तेही खालीच. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरी कोणीतरी त्यांना आणेल.

दोघीजणी धावत खाली गेल्या. आजींना उचलायला वाकल्या आणि पायाकडे पाहिलं, तर फरशी कोरडी. बाहेर रस्त्यावर पावसाचं पाणी होतं तेवढंच. गटार आपल्या जागी. आणि घंटीच्या दोन उघड्या वायरींवर वरच्या दोरीवरून पडलेलं बाळाचं ओलं दुपटं!

त्या रात्री मुलांचं काय झालं, ते कादंबरीत एका ओळीत उरकलंय. आम्ही उरकणार नाही. आम्ही त्यांना खूप बोललो. एकाला धपाटाही बसला. एक म्हणाली, ती घंटी आधी कचऱ्यात टाका. बझर नावाची ती बडबडी मुलगी त्या रात्री एक शब्द बोलली नाही. घंटी सोडवली, वायर गुंडाळल्या आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. पैसे मोजून झाले, पण हिशेबात कोणाचं मन नव्हतं. शेवटी एक म्हणाली, “खरं पाणी आलं असतं तर?” कोणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्या आजी होत्या. बरं, त्या काही आमच्यावर चिडलेल्या नव्हत्या. सकाळी चहा पिताना म्हणाल्या होत्या, “पोरांनी मला वाचवलंन. आता तरी तुम्हाला माझी आठवण राहील.”

त्या दिवशी आम्ही हिशेबाच्या वहीतच दुसरी यादी केली. गच्चीच्या चावीच्या दोन प्रती करून घ्यायच्या आणि वेगवेगळ्या दोन घरांत ठेवायच्या. मालकांना फोन केला, तेही लगेच हो म्हणाले. प्रत्येक घरातली कागदपत्रं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावायची. आजींना कोणत्या दोघींनी आणायचं, त्यांची नावं ठरवायची, आणि त्या गावाला गेल्या असतील तर बदली कोण, तेही. इन्सुलिन कोण घेणार. मेन स्विच कोण बंद करणार. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून मगच घर सोडायचं. आणि आम्ही मुलांना बोलावून घेतलं. माफी बिफी आपल्याला मागता येत नाही नीट. आम्ही म्हणालो, “भजी केलीत, या. आणि तुमच्या त्या वहीत काय झालं ते खरं लिहा.”

तिथून कादंबरी सुरू झाली. आधी नुसता निष्कर्ष लिहायचा होता. त्यांनी लिहिलं, ‘पहिला प्रयोग फसला, कारण पाण्यात मीठ नव्हतं. दुसरा प्रयोग फसला, कारण घंटीला पाणी आणि दुपटं यांतला फरक कळत नाही.’ हे वाचून सगळे इतके हसले की मुलं म्हणाली, थांबा, आम्ही पहिल्यापासूनच लिहितो. दर बैठकीला एक प्रकरण वाचायचं. आम्ही ऐकायचं आणि राहिलेलं सांगायचं. तुळशीची कुंडी मुलांनी पाहिली नव्हती, ती आम्ही सांगितली. बंद घड्याळाचं त्या भावजींनी स्वतः येऊन सांगितलं.

या लिहिण्याच्या दिवसांत आम्हीही थोडं शोधून वाचलं. विल्यम पर्किन नावाचा एक इंग्रज मुलगा होता. १८५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो घरातल्या प्रयोगशाळेत हिवतापाचं औषध, म्हणजे क्विनीन बनवायला निघाला. औषध काही झालं नाही, काळा गाळ उरला. तो धुताना त्याला सुंदर जांभळा रंग दिसला. त्याने तो गाळ फेकला नाही. त्यातूनच कारखान्यात बनवलेल्या रंगांचा धंदा उभा राहिला. आज आपल्या साड्यांवर जे रंग आहेत, त्यांची सुरुवात एका फसलेल्या प्रयोगात आहे. त्याच्या आईने ‘टाक तो घाणेरडा गाळ’ म्हटलं असतं तर?

आपल्याकडचंही एक सांगतो. डॉ. जयंत नारळीकर एवढे मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. नाव बघून नव्हे, कथा बघून निर्णय व्हावा म्हणून. आणि बक्षीस मिळवलं. शास्त्र सांगायला गोष्ट लागते, हे एवढ्या मोठ्या माणसाला पटलं होतं. मग आमच्या पोरांनी विजेची माहिती दुपट्याच्या गोष्टीतून सांगितली, तर त्यात कमीपणा कसला?

आता शेवटचं प्रकरण. हे लिहिलं गेलं यंदाच्या पावसात. एका रात्री वर घाटात पाऊस झाला आणि पाणी खरंच आलं. फार नाही, उंबऱ्याच्या वर वीतभर. घंटी वाजली का? नाही! बॅटरी कधीच संपली होती. ती बदलायचं काम ज्याच्याकडे होतं, तो कोण? आमचा ‘बॅटरी’. तो गाढ झोपलेला.

पण खालच्या मजल्यावरच्या एकीला जाग आली. तिने दारं वाजवली. मेन स्विच बंद झाला. पिशव्या खिळ्यांवरून निघाल्या. गच्चीचं दार उघडलं. आणि सगळ्यात आधी वर कोण पोचलं? आजी. दोघींच्या हातांच्या खुर्चीवर बसून, मांडीवर इन्सुलिनचा डबा घेऊन. या वेळी त्यांच्या तुळशीचंही नाव यादीत होतं.

म्हणजे बघा, तो प्रकल्प तीनदा फसला. शाळेत वाजला नाही, घरी नको तेव्हा वाजला, आणि हवा तेव्हा पुन्हा वाजला नाही. तरी त्याने आमची चाळ शहाणी केली. मुलांनी पहिल्याच दिवशी ‘प्रयोग यशस्वी झाला’ असं लिहून वही मिटली असती, तर गुण मिळाले असते आणि गच्चीला कुलूप तसंच राहिलं असतं.

तुमच्या गावातही मुलांना प्रकल्प करावे लागत असतील. तुमच्याकडे पूर नसेल, दुसरं काही असेल. विहीर आटत असेल, धान्याला कीड लागत असेल. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. तिथेही मुलांनी आपल्या भागातला प्रश्न घ्यायचा, गटाने काम करायचं आणि रोजची नोंदवही ठेवायची असते. शाळेत विचारा. आणि शाळेबाहेर आपल्या गटातही करता येतं. एक वही घ्या. मुलांना सांगा, काय करायला गेलात, काय झालं, आणि तेव्हा कोण काय बोललं, ते जसंच्या तसं लिहा. बैठकीत वाचायला लावा. त्यात आपलं हसू झालं, तर हसून घ्या.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी न्यायच्या नाहीत. एक, मुलांचे प्रयोग छोट्या बॅटरीवरच. भिंतीतल्या प्लगला वायर लावायची नाही, म्हणजे नाही. दुसरी, संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करायची नाही, प्रयोगासाठी नाही आणि सफाईसाठीही नाही. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो.

मागून चिमटा बसलाय. म्हणतात, बझरचं सांग. ती मुलगी आता आठवीत आहे. घंटीत नवी बॅटरी घातलीय, आणि वर बाटलीची टोपी उलटी बसवलीय, म्हणजे कपडा पडला तरी वायरींना लागणार नाही. दर रविवारी ती वायरींची टोकं ओल्या बोटांनी दाबून घंटी वाजवून बघते. आख्खी चाळ दचकते, आणि कोणी ओरडत नाही. आजी आतून विचारतात, “पाणी की दुपटं?”

ती ओरडून सांगते, “बोट!”